बुलढाणा जिल्ह्यातील मनोरुग्णांचा सांभाळ : दर्गा, मठ, इस्पितळ आणि घर

समाजसेवेचा इतिहास लिहिताना अभ्यासकाची दृष्टी साहजिकच संस्थांकडे वळते. संस्थेला दप्तर असते, अहवाल असतो, स्थापनेचे वर्ष असते. घराला यांतले काहीच नसते. वेड लागलेल्या मुलाला वीस वर्षे सांभाळणाऱ्या आईची नोंद कोणत्याही दप्तरात सापडावयाची नाही. त्यामुळे मनोरुग्णसेवेचा इतिहास म्हणजे वेड्यांच्या इस्पितळांचा इतिहास, असा एक समज रूढ झालेला आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या बाबतीत हा समज विशेषच दिशाभूल करणारा ठरतो, कारण या जिल्ह्यात मनोरुग्णांचे सरकारी इस्पितळ नव्हतेच. जो काही सांभाळ झाला तो घरात झाला, आणि घराला आधार मिळाला तो प्रामुख्याने धर्मस्थळांकडून. या आधाराचे स्वरूप काय होते, आणि शासनाने व कायद्याने सांभाळ करणाऱ्या कुटुंबाकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, एवढाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम भूगोल व कारभार यांचा उल्लेख केला पाहिजे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. मालकी मात्र निजामाची राहिली. १९०३ साली वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताशी जोडला गेला आणि १९०५ च्या फेररचनेत खामगाव व जळगाव हे तालुके अकोल्यातून निघून बुलढाण्यात आले. तेव्हापासून या जिल्ह्याचे दोन स्वाभाविक भाग स्पष्ट दिसतात. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव हा घाटाखालचा भाग. त्याला भुसावळ-नागपूर लोहमार्गाचा लाभ एकोणिसाव्या शतकातच झाला. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हा घाटावरचा भाग. तेथे रेल्वे पोचली नाही. आजारी माणसाला घेऊन दूर जावयाचे तर घाटावरच्या कुटुंबाला आधी घाट उतरावा लागे.

आणि जावयाचे कोठे, तर नागपूरला. तेथील वेड्यांचे इस्पितळ १८६४ साली स्थापन झालेले आहे, आणि विदर्भाचे प्रादेशिक मनोरुग्णालय म्हणून ते आजही चालू आहे. महाराष्ट्रातील अशी अन्य रुग्णालये येरवडा, ठाणे व रत्नागिरी येथे आहेत. बुलढाण्याहून नागपूर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. शेतकरी कुटुंबातील दोन माणसे रोग्याबरोबर निघाली की घरचा नांगर थांबला, हे सांगण्यास पुराव्याची गरज नाही. शिवाय तेथे पोचल्यावर रोगी आत जाई आणि नातेवाईक फाटकाबाहेर राहत. रोग्याला घरापासून तोडणे हा त्या व्यवस्थेचा दोष नव्हता. ते तिचे तत्त्वच होते.

तत्कालीन कायद्यातही हीच दृष्टी आढळते. ब्रिटिश हिंदुस्थानातील १८५८ चा वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा कायदा आणि त्याची जागा घेणारा १९१२ चा कायदा यांचा मुख्य विषय रोग्याला दाखल करण्याची व डांबून ठेवण्याची रीत हा आहे. त्यात कुटुंब येते ते दोन प्रकारे. एक, दाखल करण्याचा अर्ज करणारा नातेवाईक म्हणून. दुसरे, रोग्याची हयगय करणारा संभाव्य अपराधी म्हणून. ज्याच्यावर पोसण्याची जबाबदारी आहे अशा नातेवाइकाने मॅजिस्ट्रेटचा हुकूम बुद्धिपुरस्सर मोडला तर त्याला कैदेची शिक्षा सांगितलेली होती. रोग्याला छळापासून वाचविण्यासाठी असे कलम आवश्यक होते हे मान्यच केले पाहिजे. परंतु सांभाळ करणाऱ्याला काही साह्य द्यावे असा विचार त्या कायद्यात कोठेच दिसत नाही. कर्तव्य कुटुंबाचे, साधने मात्र कुणाचीच नाहीत, अशी ही स्थिती होती. भोर समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानातील मनोरुग्णालयांची संख्या १९ आणि खाटांची संख्या सुमारे दहा हजार होती. एवढ्या मोठ्या देशात दहा हजार खाटा म्हणजे बाकीचे सर्व रोगी घरी होते, हा त्या आकड्याचा सरळ अर्थ आहे.

आता धर्मस्थळांकडे वळू. या प्रदेशात महानुभाव पंथाची मुळे जुनी आहेत. लीळाचरित्रात मेहकर व लोणार या गावांचे उल्लेख येतात, आणि जिल्ह्याच्या सीमेलगत भोकरदन तालुक्यात जाळीचा देव हे महानुभावांचे प्रसिद्ध स्थान आहे. बाधा झाली, लागीर झाले असे समजून रोग्याला महानुभाव स्थानी नेऊन ठेवण्याची चाल महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी आढळते. दुसरे स्थान म्हणजे पिंपळगाव सराई येथील सैलानी बाबांचा दर्गा. होळीच्या सुमारास तेथे मोठी यात्रा भरते. नारळांची होळी पेटविली जाते, संदल निघतो. यात्रेकरूंत हिंदू व मुसलमान दोघेही असतात. यात्रा संपली तरी दर्ग्याचा परिसर ओस पडत नाही. रोग्याला घेऊन आलेली कुटुंबे आसपासच्या खोल्यांत व झोपड्यांत आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्महिने राहतात.

या मुक्कामाचे स्वरूप इतिहासकाराने नीट पाहिले पाहिजे. श्रद्धा खरी की खोटी, हा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवला तर येथे कुटुंबाला तीन गोष्टी मिळतात असे दिसते. पहिली, रोग्याबरोबर राहण्याची मुभा : चूल मांडता येते, त्याला हाताने जेवू घालता येते. दुसरी, समदुःखी माणसांची संगत : गावात ज्या आईला तोंड लपवावे लागते, तिला येथे आपल्यासारख्याच दहाजणी भेटतात. तिसरी, दोषमुक्ती : बाधा बाहेरून आली असे मानले की कुळाला बट्टा लागत नाही आणि घरातल्या इतर मुलींच्या सोयरिकी अडत नाहीत. यांपैकी एकही गोष्ट त्या काळच्या सरकारी इस्पितळात मिळत नव्हती. लोक केवळ अज्ञानामुळे दर्ग्याकडे गेले, हे विधान म्हणूनच अपुरे ठरते.

याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. औषधोपचार लांबणीवर पडतो, राहण्याजेवण्यात व नवससायासात पैसा जातो. सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे अशा स्थळी, आणि घरीही, रोग्याला साखळीने बांधण्याची चाल होती. बांधणारे हात बहुधा निर्दय नव्हते. राखण करावयास घरात दुसरे माणूस नाही आणि मजुरीला गेल्यावाचून रात्रीची भाकर नाही, अशा स्थितीत साखळी हीच राखणदार झाली. तथापि कारण समजले म्हणून कृत्य क्षम्य ठरत नाही. बांधलेल्या माणसाच्या घोट्याला पडलेले वळ आईच्या हतबलतेने कमी दुखत नाहीत.

या सांभाळाचा भार घरात कुणावर पडला, याविषयी व्हिएडा स्कल्टन्स या अभ्यासिकेचा १९८७ साली प्रसिद्ध झालेला लेख उपयुक्त आहे. महाराष्ट्रातील एका महानुभाव मंदिरात राहणाऱ्या कुटुंबांचा त्यांनी अभ्यास केला. रोगी पुष्कळदा मुलगा वा नवरा असे, पण अंगात येई ते त्याच्याबरोबर राहणाऱ्या स्त्रीच्या. घरच्या माणसाचे दुखणे आपल्यावर ओढून घ्यावे अशी त्यामागची भावना असे. सांभाळ करणाऱ्या स्त्रीची झीज इतक्या उघडपणे दिसण्याचे दुसरे स्थळ आपल्या समाजात क्वचितच सापडेल.

दर्ग्यात जे परंपरेने घडत होते ते काही वैद्यांना इस्पितळातही घडवून आणावेसे वाटले, ही गोष्ट लक्षणीय आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० नंतरच्या दशकात आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रोग्यांबरोबर राहू दिले. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मनोरुग्ण केंद्रातही १९५७ पासून कुटुंबाने रोग्याजवळ राहण्याची पद्धत पडली. नातेवाइकांना आजार समजावून देता आला, आणि घरी परतलेल्या रोग्याला आधार राहिला. परंतु हे प्रयोग तुरळक राहिले. बुलढाण्यातील कुटुंबापर्यंत ते पोचले नाहीत.

शासनाची दृष्टी हळूहळू बदलली. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखला गेला, १९९६ साली त्याला जिल्हा पातळीवरील कार्यक्रमाची जोड मिळाली. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खाजगी निवासाला आग लागून साखळदंडांनी बांधलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण मृत्यू पावले. या घटनेने सर्व देशातील अशा स्थळांकडे न्यायालयाचे लक्ष वेधले. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरविण्याच्या निमित्ताने बांधणे व मारहाण करणे हा गुन्हा ठरविला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळीने बांधण्यास सर्वत्र बंदी केली. त्याच कायद्याने रोग्याच्या कुटुंबाला साह्य करणारी सेवा ही शासनाने पुरवावयाच्या सेवांत गणली, आणि कुटुंब स्वीकारीत नाही एवढ्याच कारणाने कुणाला इस्पितळात अडकवून ठेवू नये असे सांगितले. १९१२ च्या कायद्याच्या तुलनेत हे अंतर फार मोठे आहे.

जिल्ह्यापुरते पाहता आणखी काही गोष्टींची नोंद घ्यावयास हवी. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी ग्रासलेल्या विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत बुलढाण्याचा समावेश होतो. २०१५ साली राज्याने चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. आशा कार्यकर्तींनी घरोघर जाऊन खचलेल्या माणसांना हेरावे व समुपदेशनाकडे न्यावे अशी त्याची योजना होती. स्थानिक संस्थांत १९०८ साली स्थापन झालेले शेगावचे श्री गजानन महाराज संस्थान दवाखाने, फिरते वैद्यकीय पथक व मतिमंद मुलांची शाळा चालवीत आले आहे. चिखली तालुक्यातील पळसखेड सपकाळ येथे सेवासंकल्प प्रतिष्ठानाने रस्त्यावर भटकणाऱ्या बेवारस मनोरुग्णांचा सांभाळ आरंभिला. ज्यांचे घर तुटले त्यांच्यासाठी ही संस्था घर झाली. पण घर तुटण्यापूर्वीच त्याला हात देण्याचे काम त्याहून निराळे आहे.

या विवेचनावरून दोन निष्कर्ष काढता येतात. जिल्ह्यातील मनोरुग्णसेवेचा मुख्य आधार आरंभापासून कुटुंब हाच राहिला, आणि कायद्याने त्याला साह्यास पात्र मानावयास दीडशे वर्षांहून अधिक काळ लावला, हा पहिला. धर्मस्थळांची पकड केवळ श्रद्धेवर नव्हे, तर त्यांनी कुटुंबाला रोग्याजवळ राहू दिले यावरही उभी होती, हा दुसरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत कुटुंबाला उपचार व प्रवास यांपायी दरमहा सुमारे एक हजार ते दीड हजार रुपये स्वतःचे खर्चावे लागतात असे आढळले. मजुरीवर जगणाऱ्या घरी ही रक्कम म्हणजे कित्येक दिवसांची भाकर होय. साखळी कायद्याने तोडली हे योग्यच झाले. ती तुटल्यावर राखणीचे काम कुणी करावयाचे, हा प्रश्न घाटावरच्या घरात अजून त्याच आईपुढे उभा आहे; आणि तिचे उत्तर २०१७ च्या कायद्यातील त्या एका तरतुदीची अंमलबजावणी गावपातळीवर किती होते यावर अवलंबून राहील.