आकाशाचा परवाना

सन १९२९ च्या फेब्रुवारीच्या १० तारखेस जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांस वैमानिकाचा परवाना मिळाला. हिंदुस्थानांत दिला गेलेला तो पहिला परवाना. त्यावर क्रमांक १ होता. त्या काळीं परवान्याचा अर्थ सरळ होता. विमान ज्याच्या हातीं, तोच त्यांत बसलेला. चूक झाली तर प्रथम त्याच्याच जिवाशीं गांठ. वैमानिकाचें भय हाच समाजाचा पहिला जामीन. पुढें १९३४ चा विमान-कायदा आणि १९३७ चे नियम झाले, ते अशाच विमानांसाठीं.

ड्रोननें हा जामीन काढून घेतला. उडवणारा जमिनीवर सुखरूप उभा, आणि धोका मात्र खालून जाणाऱ्या अनोळखी माणसास! वैमानिकरहित विमान खास परवानगीवांचून परक्या राष्ट्रावरून नेऊं नये, असें १९४४ च्या शिकागो करारांत आठव्या कलमानें ठरलें होतें. परंतु तो राष्ट्राराष्ट्रांमधील व्यवहार. शेजाऱ्याच्या गच्चीवरून जाणाऱ्या यंत्राचा विचार तेव्हां कोणाच्या मनांत येणार?

भारतांत हा प्रश्न २०१४ च्या मे महिन्यांत सर्वांच्या डोळ्यांसमोर आला. मुंबईंतील एका उपाहारगृहानें सुमारें दीड किलोमीटरवरील उंच इमारतींत ड्रोनकरवीं पिझ्झा पोंचविला. लोकांस कौतुक वाटलें. पोलिसांनीं चौकशी आरंभिली. त्याच वर्षीं ७ ऑक्टोबरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानें जाहीर सूचना काढून, नियम होईपर्यंत अशा खासगी उड्डाणांस मनाई केली. मनाईनें यंत्रें थांबलीं नाहींत. लग्नसमारंभांचें चित्रण आकाशांतून होतच राहिलें. जो कायदा पाळी, तोच मागें पडला.

२७ ऑगस्ट २०१८ रोजीं पहिली नियमावली निघाली व १ डिसेंबरपासून अमलांत आली. परवानगी नाहीं तर उड्डाण नाहीं, हें तिचें सूत्र. १२ मार्च २०२१ च्या नियमांनीं कागदांचा भार आणखी वाढविला : २५ प्रकारचे अर्ज आणि ७२ प्रकारचीं शुल्कें! त्याच वर्षीं २७ जूनला जम्मूच्या हवाईदल तळावर ड्रोनमधून स्फोटकें टाकलीं गेलीं. आतां बंधनें अधिकच आवळलीं जातील, असें कोणासही वाटलें असतें. घडलें तें उलट.

२५ ऑगस्ट २०२१ च्या नियमांनीं अर्ज ५ आणि शुल्कें ४ वर आणलीं. देशाच्या नकाशावर हिरवे, पिवळे व तांबडे असे तीन विभाग पडले. हिरव्या विभागांत साधारणतः ४०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगी नको; पिवळ्यांत विमानवाहतूक नियंत्रकांची हवी; तांबड्यांत केंद्र सरकारची. २५० ग्रॅमपर्यंतच्या यंत्रास, तसेंच व्यापारी हेतु नसेल तर २ किलोपर्यंतच्या यंत्रास, चालकाची परीक्षा नाहीं. इतरांसाठीं वय १८ ते ६५, दहावी उत्तीर्ण, आणि मान्य संस्थेंत शिक्षण व परीक्षा एवढ्याच अटी. ११ फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीनें तर ‘परवाना’ हा शब्दच गेला. शिक्षणसंस्थेनें द्यावयाचें ‘प्रमाणपत्र’ त्याच्या जागीं आलें. टाटांच्या परवान्यास तेव्हां ९३ वर्षें आणि एक दिवस झाला होता.

श्रोतेहो, हा केवळ शब्दांचा फेरफार नव्हे. २४ एप्रिल २०२० रोजीं सुरू झालेल्या स्वामित्व योजनेंत गांवठाणांची मोजणी याच यंत्रांनीं होऊं लागली. आरंभींच्या राज्यांत महाराष्ट्र होता. ज्या कुटुंबाजवळ राहत्या घराचा कागद नव्हता, त्यास तो मिळण्याची वाट अशी खुली झाली. दहावी झालेल्या खेड्यांतील मुलास ही विद्या शिकतां यावी, ही थोडी गोष्ट नव्हे.

१९३४ चा कायदाही १ जानेवारी २०२५ पासून गेला व भारतीय वायुयान अधिनियम आला. परंतु मूळ प्रश्न राहिलाच. टाटांच्या पिढीस सावध ठेवण्यास स्वतःचा जीव पुरेसा होता. आज यंत्र उडविणाऱ्यास दुसऱ्याच्या जिवाची तितकीच चिंता वाटली पाहिजे. नियम हें शिकवूं शकतो. वाटणें मात्र ज्याचें त्याच्याकडे.