दीर्घकालीन फुप्फुसविकार : एरोबिक व्यायाम आणि हृदय

जुनाट फुप्फुसविकार असलेल्या रुग्णाला चालायला लावणे, सायकल मारायला लावणे हा आज उपचाराचाच भाग मानला जातो. चालणे, पोहणे, सायकल, जिना अशा ज्या हालचालींत मोठे स्नायू काही मिनिटे सलग काम करतात आणि त्यासाठीची ऊर्जा मुख्यतः ऑक्सिजनच्या साहाय्याने मिळवतात, त्यांना एरोबिक व्यायाम म्हणतात. या नोंदीत भर आहे तो सीओपीडीवर, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या आणि वायुकोश झिजवणाऱ्या विकारावर. व्यायामाचा सर्वांत कसून अभ्यास याच रोगात झाला आहे. त्यातली नवलाची बाब अशी, की महिनोन्‌महिने व्यायाम केला तरी स्पायरोमेट्रीतला, म्हणजे जोराने फुंकण्याच्या तपासणीतला आकडा जवळजवळ हलत नाही. तरीही तोच रुग्ण पूर्वीपेक्षा लांब चालतो आणि त्याला धाप कमी लागते.

ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज या प्रकल्पाच्या अंदाजानुसार २०१६ साली भारतात सुमारे साडेपाच कोटी लोकांना सीओपीडी होता. विडी-सिगारेट हे त्याचे ठळक कारण. पण आपल्याकडे एकमेव नव्हे. चुलीचा धूर, जुना क्षयरोग, दगडखाणींतली आणि कारखान्यांतली धूळ यांचाही त्यात वाटा आहे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मधून धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीकडे जगाचे लक्ष वेधले. मुंबईच्या कापड गिरण्यांत एके काळी कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा याच कुळातला. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बाईची धाप मात्र अजूनही बऱ्याचदा ‘वयामुळे’ म्हणून सोडून दिली जाते.

फुप्फुसाचा रोगी फुप्फुसानेच जातो, असा समज आहे. पण सहा हजारांहून अधिक सीओपीडी रुग्णांच्या ‘टॉर्च’ या औषधचाचणीत प्रत्येक मृत्यूचे कारण स्वतंत्र समितीने तपासले. श्वसनविकाराने झालेले मृत्यू ३५ टक्के भरले. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी झालेले २७ टक्के. धूम्रपान दोन्ही अवयवांना पोळते, हे त्याचे सरळ कारण. त्याखेरीज रोगाबरोबर अंगभर रेंगाळणारा सौम्य दाह आणि वर्षानुवर्षांचे बसून राहणे हीही कारणे आहेत. रोग एकाएकी उफाळतो तेव्हा धोका आणखी वाढतो. ब्रिटनमधील नोंदींच्या २०१० सालच्या एका अभ्यासात, उफाळ्यानंतरच्या पहिल्या पाच दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता एरवीच्या दुपटीहून अधिक आढळली. म्हणून ‘छाती भरली आहे’ एवढ्यावर न थांबता अशा वेळी ईसीजीकडेही पाहावे लागते.

हृदयावर ताण येतो तो दोन वाटांनी. रक्तातला ऑक्सिजन कमी राहिला, की फुप्फुसांतल्या धमन्या आकसतात. त्यांतून रक्त ढकलण्याचे जादा काम हृदयाच्या उजव्या बाजूवर पडते आणि पुढे पायांवर सूज दिसू लागते. दुसरी वाट कोंडलेल्या हवेची. निरोगी माणूस चालताना श्वास भरभर घेतो आणि तितक्याच सहज सोडतो. सीओपीडीत उच्छ्वासाला वेळ लागतो. तो पुरा होण्याआधीच पुढचा श्वास घ्यावा लागतो. आधीच खच्चून भरलेल्या लोकलमध्ये पुढच्या स्टेशनवरची गर्दी शिरावी, तशी हवेवर हवा चढत जाते. या फुगलेल्या फुप्फुसांमध्ये हृदय चेपले जाते. अमेरिकेतील ‘मेसा’ पाहणीत असे आढळले, की सीटी स्कॅनमध्ये वायुकोशांची झीज जितकी जास्त, तितका हृदयाचा डावा कप्पा कमी भरतो. आणि हे सौम्य झीज असलेल्यांतही होते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाला पुढे जर्मनीतून पुष्टी मिळाली. तेथे श्वासनलिका रुंदावणारी दोन औषधे एकत्र दिली, तेव्हा दोनच आठवड्यांत कोंडलेली हवा कमी झाली आणि हृदय अधिक भरू लागले. हृदयाला हात न लावता हृदयाचे काम सुधारले होते.

व्यायामाने मुख्य बदल घडतो तो मात्र पायांत.

धाप लागते म्हणून माणूस चालणे टाळतो; चालणे टाळल्याने मांड्यांचे स्नायू वाळतात आणि त्यांतले दीर्घकाळ टिकणारे तंतू घटतात. असे पाय थोड्याशा श्रमातच लॅक्टिक आम्ल तयार करू लागतात. ते निस्तरताना जादा कार्बन डायऑक्साइड निघतो आणि तो बाहेर टाकायला आणखी श्वास लागतो. म्हणजे बाजारातून पिशवी घेऊन येताना लागणाऱ्या धापेचा काही हिस्सा पायांनी निर्माण केलेला असतो! कॅलिफोर्नियातील रिचर्ड कासाबुरी आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये हेच मोजून दाखवले. आठ आठवडे सायकल चालवल्यानंतर रुग्णांना पूर्वीइतकेच काम दिले, तर रक्तातले लॅक्टिक आम्ल कमी भरले आणि श्वासाची गरजही उतरली. बेताचा, झेपेल इतपत व्यायाम करणाऱ्यांपेक्षा कसून व्यायाम करणाऱ्यांना हा लाभ जास्त झाला. श्वास सावकाश झाला, की उच्छ्वासाला वेळ मिळतो, हवा कमी कोंडते आणि हृदयावरचा दाबही हलका होतो.

ही गोष्ट वैद्यकाला पटायला बराच काळ गेला. अमेरिकेतील डेन्व्हरचे चार्ल्स डेनिसन यांनी १८९५ मध्येच फुप्फुसाच्या रोग्यांसाठी व्यायाम आणि आहारावर पुस्तक लिहिले होते. तरी विसाव्या शतकात बराच काळ ‘धाप लागेल असे काही करू नका’ हाच सल्ला दिला जाई. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कचे अल्व्हन बराक यांनी ऑक्सिजन लावून रुग्णांना चालवून पाहिले. पुढे साठच्या दशकात डेन्व्हरमध्येच थॉमस पेटी यांनी बाह्यरुग्णांसाठी आखीव कार्यक्रम सुरू केला. पल्मनरी रिहॅबिलिटेशन, म्हणजे फुप्फुस पुनर्वसन, या नावाने आज जे चालते त्याचे मूळ तिथे आहे.

रुग्ण किती चालू शकतो हे ठरवण्याची चाचणी अगदी साधी आहे. रुग्णालयातला ३० मीटरचा सपाट बोळ, दोन टोकांना दोन शंकू, एक खुर्ची, हातात घड्याळ. रुग्ण आधी दहा मिनिटे बसून राहतो. नाडी, ऑक्सिमीटरवरचा आकडा आणि ‘धाप किती?’ याचे त्याने दिलेले उत्तर लिहून घेतले जाते. मग सहा मिनिटे येरझारा. दम लागला तर भिंतीला टेकून थांबायची मुभा असते. घड्याळ मात्र थांबत नाही. चाचणी घेणाऱ्याने सोबत चालायचे नसते आणि दर मिनिटाला ठरलेलेच वाक्य ठरलेल्याच सुरात बोलायचे असते. कारण ‘शाब्बास आजी, चला चला’ म्हटल्याने अंतर खरोखरच वाढते. दोन चाचण्यांमध्ये ३० मीटरच्या आसपास फरक पडला, तर तो दखल घेण्याजोगा मानतात. या अंतराची किंमत मोठी आहे. बार्तोलोमे सेली आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडलेल्या ‘बोड’ निर्देशांकात वजन, श्वासनलिकांतला अडथळा आणि धाप यांच्या जोडीला हे अंतर घेतले, तेव्हा मृत्यूच्या धोक्याचा अंदाज नुसत्या स्पायरोमेट्रीपेक्षा चांगला आला.

नेहमीचा कार्यक्रम आठ ते बारा आठवड्यांचा असतो. आठवड्यातून किमान दोन-तीन दिवस आणि दर वेळी वीस मिनिटांपासून तासापर्यंत. सलग वीस मिनिटे जमत नसतील, तर मिनिटभर जोर आणि मिनिटभर विसावा अशा पाळीने केले तरी लाभ तेवढाच होतो. व्यायामाचा जोर नाडीवरून ठरवणे इथे फसवे ठरते. अनेकांना हृदयासाठी बीटा ब्लॉकर चालू असतात आणि ते नाडी वाढू देत नाहीत. म्हणून स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची शून्य ते दहा ही मोजपट्टी वापरतात. धाप चार ते सहाच्या दरम्यान असावी; म्हणजे बोलता येते, गाणे म्हणता येत नाही. व्यायामाआधी पंप घेतला तर अधिक टिकाव लागतो. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडण्याची युक्ती बरेच रुग्ण कुणी न शिकवताच शोधून काढतात. ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या खाली जाऊ लागला, तर थांबतात किंवा नळी लावून चालवतात. फुप्फुसांत व्रण धरणाऱ्या फायब्रोसिसच्या रुग्णांत ही घसरण फार वेगाने होते. छातीतले दुखणे काबूत नसेल, नुकताच झटका येऊन गेला असेल किंवा हृदयाची झडप फार अरुंद झाली असेल, तर आधी हृदयाचा उपचार आणि मग चालणे.

पुरावा कितपत आहे? धाप, चालण्याचे अंतर आणि जगण्याची प्रत यांबाबत भरपूर. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात ६५ चाचण्या आणि ३,८२२ रुग्ण होते. त्यानंतर या प्रश्नावर पुन्हा तशाच चाचण्या करण्याची गरज नाही, अशीच भूमिका संपादकांनी घेतली. हृदयाबाबत मात्र हात आखडता घ्यावा लागतो. धमन्यांचा ताठरपणा कमी झाल्याचे काही छोट्या अभ्यासांत दिसले, तर त्याहून मोठ्या एका अभ्यासात दिसले नाही. अमेरिकेतील मेडिकेअर विम्याच्या नोंदींत, २०१४ मध्ये सीओपीडीने दाखल झालेल्या १,९७,३७६ रुग्णांपैकी जेमतेम दीड टक्क्याने ९० दिवसांत पुनर्वसन सुरू केले होते. वर्षभरात त्यांच्यातले ७.३ टक्के दगावले, तर बाकीच्यांतले १९.६ टक्के. आकडे डोळ्यांत भरणारे आहेत, पण जो कार्यक्रमाला येऊ शकतो तो मुळातच धडधाकट, हे विसरता येत नाही. उलट ब्रिटनमधील लेस्टरच्या २०१४ मधील चाचणीत, दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आतच व्यायाम सुरू केला, तेव्हा पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण घटले नाहीच. वर्षभरातले मृत्यू त्या गटात जास्त निघाले. तेव्हा घाईचा अतिरेकही नको.

मराठी घरात इथे प्राणायामाचा प्रश्न निघतोच. सावकाश, लांब उच्छ्वासाची सवय उपयोगी पडते. श्वास रोखून धरणे मात्र धाप लागणाऱ्याला झेपत नाही. आणि बसून केलेल्या प्राणायामात मांड्यांना काहीच काम मिळत नाही. त्यामुळे तो चालण्याच्या जोडीला हवा, जागी नव्हे.

पुनर्वसनाचे कार्यक्रम मोठ्या शहरांतल्या मोजक्या रुग्णालयांत चालतात आणि धाप लागणाऱ्याला आठवड्यातून दोनदा बस बदलून तिथवर जाणे हाच मोठा व्यायाम होतो. मेलबर्नच्या अ‍ॅन हॉलंड यांनी २०१७ मध्ये घरगुती पर्याय तपासला. घरी एक भेट, मग आठवड्याला एक फोन. आठ आठवड्यांनंतरचा परिणाम रुग्णालयातल्या कार्यक्रमाच्या तोडीचा आला. वर्षअखेरीस मात्र दोन्ही गटांची कमाई ओसरली होती. व्यायाम थांबला, की सहा महिने ते वर्षभरात पाय पुन्हा पूर्वीसारखे दुबळे होतात, हे इतरत्रही दिसले आहे. कोपनहेगनमध्ये नागरिकांचा वीसेक वर्षे पाठपुरावा करणाऱ्या पाहणीत कोणताच कार्यक्रम नव्हता. तिथे आठवड्याला दोन तास किंवा अधिक चालणाऱ्या वा सायकल चालवणाऱ्या सीओपीडी रुग्णांत रुग्णालयात दाखल होण्याचे आणि श्वसनविकाराने दगावण्याचे प्रमाण ३० ते ४० टक्क्यांनी कमी आढळले.