कॅन्सस संघर्ष (१८५४–१८६१)

कॅन्सस संघर्ष : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा पश्चिमेकडे विस्तार होत असताना, नव्या प्रदेशात गुलामगिरीला मुभा असावी की नसावी, या प्रश्नावरून कॅन्सस प्रदेशात झालेला राजकीय व सशस्त्र झगडा. ‘रक्तबंबाळ कॅन्सस’ या नावानेही तो ओळखला जातो. सरहद्दीवर कायदा पोचला नव्हता म्हणून तेथे रक्त सांडले, अशी या संघर्षाची सर्वसाधारण समजूत आहे. ती टिकणारी नाही. कॅन्ससमधील बेबंदशाही वॉशिंग्टनमध्ये संमत झालेल्या एका कायद्यातून निपजली. जमिनीचे भवितव्य तेथे जाऊन राहणाऱ्यांच्या मतांवर सोपवायचे, पण रहिवासी कोणाला म्हणायचे आणि निर्णय केव्हा घ्यायचा हे मोघम ठेवायचे, हा त्या कायद्यातील मूळ दोष होता.

नव्या भूमीला एवढे महत्त्व का आले, याचे उत्तर अमेरिकेच्या राज्यघटनेत आहे. प्रत्येक घटक राज्याला, त्याची लोकसंख्या कितीही असो, सिनेटमध्ये दोन जागा मिळतात. त्यामुळे प्रदेशाची भर पडली की सिनेटमधील बलाबल बदलण्याची शक्यता निर्माण होई. १८०३ मध्ये फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरना लुइझियाना प्रदेश विकत घेतल्यानंतर हा प्रश्न उभा राहिला. १८२० च्या मिसूरी तडजोडीने मिसूरीला गुलामगिरीसह आणि मेनला गुलामगिरीविना राज्याचा दर्जा दिला; शिवाय लुइझियाना प्रदेशात, मिसूरी वगळता, ३६° ३०′ अक्षवृत्ताच्या उत्तरेस गुलामगिरी निषिद्ध ठरवली. ही तडजोड तीन दशके टिकली, कारण नकाशावरील रेघ वसाहतकरी मतदान करून पुसू शकत नव्हते. मेक्सिकोबरोबरच्या युद्धात (१८४६–४८) कॅलिफोर्नियापर्यंतचा मुलूख हाती आला आणि जुनी रेघ अपुरी पडली. जिंकलेल्या मुलखात गुलामगिरी नको, हा काँग्रेस सदस्य विल्मट यांचा प्रस्ताव प्रतिनिधिगृहात संमत झाला, पण सिनेटमध्ये अडला. १८५० च्या तडजोडीने कॅलिफोर्निया गुलामगिरीमुक्त राज्य झाले. न्यू मेक्सिको व यूटा यांचा निर्णय मात्र तेथील रहिवाशांवर सोडण्यात आला.

इलिनॉयचे सिनेटर स्टीव्हन डग्लस यांनी हेच तत्त्व ३० मे १८५४ च्या कॅन्सस–नेब्रास्का कायद्यात आणले व १८२० ची बंदी रद्द करवली. शिकागोहून पश्चिमेकडे जाणाऱ्या रेल्वेसाठी हा भाग लवकर संघटित व्हावा, अशी त्यांची इच्छा होती आणि त्यासाठी दक्षिणेची मते हवी होती. लोकांचा प्रश्न लोकांनीच सोडवावा, ही भूमिका ऐकायला लोकशाहीची. पण तिच्यामुळे स्थलांतर हेच शस्त्र बनले. न्यू इंग्लंडमधील एका कंपनीने गुलामगिरीविरोधी वसाहतकरी पाठवले व लॉरेन्स हे गाव वसवले. शेजारच्या मिसूरीचे सिनेटर डेव्हिड ॲचिसन यांनी सीमेपलीकडे मतदार नेण्याची चिथावणी दिली. ३० मार्च १८५५ च्या विधिमंडळ निवडणुकीचे आकडे पुरेसे बोलके आहेत. त्याआधीच्या शिरगणतीत २,९०५ पात्र मतदार आढळले होते. प्रत्यक्षात सहा हजारांवर मते पडली. मतदानाला कायद्याने प्रत्यक्ष वास्तव्य पुरे होते, किती दिवसांचे ते सांगितलेले नव्हते. सशस्त्र मिसूरीकर मतदान करून घरी परतले. निवडून आलेल्या विधिमंडळाने शॉनी जमातीच्या मुलांसाठी चालवलेल्या मिशन शाळेत बसून मिसूरीचे कायदे जवळजवळ जसेच्या तसे उचलले. गुलाम बाळगण्याचा हक्क नाकारणारे लिखाण वा भाषण हा त्यांनी सक्तमजुरीचा गुन्हा ठरवला. विरोधकांनी टोपीका येथे आपले वेगळे सरकार स्थापले. एका प्रदेशात दोन सरकारे झाल्यावर बंदुकीला वेळ लागला नाही. २१ मे १८५६ रोजी गुलामगिरीवाद्यांनी लॉरेन्स लुटले आणि तीनच दिवसांनी कट्टर गुलामगिरीविरोधक जॉन ब्राउन यांच्या टोळीने पॉटावाटमी ओढ्याकाठी पाच जणांना ठार केले.

या विवेचनावर पहिला आक्षेप असा, की पश्चिमेच्या हवामानात गुलामगिरी रुजणारच नव्हती. १८६० च्या जनगणनेत कॅन्ससमध्ये केवळ दोन गुलाम आढळले, मग हा झगडा पोकळ नव्हे काय? परंतु सीमेलगतच्या मिसूरी नदीच्या खोऱ्यात गुलामांच्या श्रमावर तंबाखू आणि दोरखंडासाठी लागणारे हेम्प पिकत होते, आणि पूर्व कॅन्ससची जमीन त्याहून फार वेगळी नव्हती. ज्या मुलखात आपल्या मालकीची हमी नाही तेथे कोणताही गुलाममालक आपली महागडी ‘मालमत्ता’ नेत नाही. गुलामांची अल्प संख्या हे संघर्षाचे फलित आहे. तिच्यावरून संघर्ष निरर्थक ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कॅन्ससमधील बरीच भांडणे जमिनीच्या हद्दीवरून व दाव्यांवरून झाली. एका अभ्यासात १५७ हिंसक मृत्यूंपैकी सुमारे ५६ मृत्यूच राजकीय कारणांशी जोडता आले आहेत. हे मान्य केले तरी दाव्यांचा गोंधळही त्याच कायद्याने घातला होता. १८३० च्या स्थलांतर कायद्यानंतर पूर्वेकडील डेलावेअर, शॉनी आदी जमातींना याच भूमीत आणून वसवले होते. १८५४ च्या मे महिन्यात, कायदा होण्याच्या बेतात असताना, त्यांच्याकडून जमीन सोडण्याचे करार घेण्यात आले. मोजणी व्हायच्या आत वसाहतकरी घुसले. लेव्हनवर्थ शहर डेलावेअरांच्या जमिनीवर बेकायदा उभे राहिले. ‘लोकांचा’ निर्णय म्हणताना ज्यांची ही भूमी होती, त्यांना कोणी विचारले नाही.

गुलामगिरीच्या विरोधकांचा हेतूही सरसकट उदात्त मानता येत नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना अर्पण केला. तशी माणसे कॅन्ससमध्येही होती. पण टोपीका पक्षाच्या मतदारांनी स्वतंत्र कृष्णवर्णीयांनाही प्रवेशबंदी करण्याचा कौल मोठ्या बहुमताने दिला होता. अनेकांना गुलामगिरी नको होती ती गोऱ्या शेतकऱ्याची जमीन व मजुरी सुरक्षित राहावी म्हणून.

कॅन्ससला राज्याचा दर्जा मिळावा म्हणून तयार केलेली गुलामगिरीवादी लेकॉम्प्टन राज्यघटना ऑगस्ट १८५८ मध्ये मतदारांनी सुमारे सहापट मतांनी फेटाळली, तरी प्रश्न मिटला नाही; कारण तो मुळात कॅन्ससपुरता नव्हता. दक्षिणेकडील सिनेटर सभागृह सोडून जाऊ लागले तेव्हाच सिनेटमधील अडसर दूर झाला आणि २९ जानेवारी १८६१ रोजी कॅन्सस गुलामगिरीमुक्त राज्य म्हणून संघराज्यात आले. अडीच महिन्यांनी यादवी युद्ध सुरू झाले. नव्या प्रदेशांतील गुलामगिरी काँग्रेसने १९ जून १८६२ रोजी कायद्याने बंद केली. जो निर्णय १८५४ मध्ये वसाहतकऱ्यांवर ढकलला होता, तो शेवटी काँग्रेसलाच घ्यावा लागला.