बॅटरी कोणाची?

पुण्यामुंबईच्या मध्यम वर्गांतील एखाद्या घरांत आज मोटार घेण्याची गोष्ट निघाली, कीं पेट्रोलची घ्यावी कीं विजेची, यावर दोन पक्ष पडतात. मुलगा विजेच्या मोटारीची बाजू घेतो. धूर नाहीं, आवाज नाहीं, रोजचा खर्च थोडा. महाराष्ट्र शासनानें २०२५ सालीं अटल सेतूवर अशा मोटारींना टोल माफ केला, ही बातमीही तो वाचून दाखवितो. वडील सर्व ऐकून घेतात आणि शेवटीं एकच विचारतात : "बॅटरी निकामी झाली म्हणजे तिचे पैसे कोणीं द्यावयाचे?" मुलाजवळ याचें तयार उत्तर नसतें. वडिलांना जुन्या मताचे म्हणून हंसण्यांत मात्र अर्थ नाहीं. सव्वाशें वर्षांपूर्वीं अमेरिकेंतील गिऱ्हाइकांनीं हाच प्रश्न विचारला होता, आणि त्या वेळच्या विजेच्या मोटारीचें भवितव्य बऱ्याच अंशीं त्याच्या उत्तरावर ठरलें.

विजेची मोटार ही अगदीं अलीकडची कल्पना आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिति निराळी आहे. १९०० सालीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एकंदर ४१९२ मोटारी तयार झाल्या. त्यांपैकीं १६८१ वाफेवर, १५७५ विजेवर आणि अवघ्या ९३६ पेट्रोलवर चालणाऱ्या होत्या. ताशीं शंभर किलोमीटरांचा वेग प्रथम ओलांडणारी मोटारही विजेचीच होती. कामीय जेनात्झी नांवाच्या बेल्जियन गृहस्थानें २९ एप्रिल १८९९ रोजीं पॅरिसजवळ आशेर येथें, तोफेच्या गोळ्याच्या आकाराच्या आपल्या गाडींतून ताशीं १०५ किलोमीटरांहून अधिक वेग गांठला. त्या गाडीचें नांव त्यानें 'कधींही संतुष्ट नसलेली' अशा अर्थाचें ठेविलें होतें. विजेच्या मोटारीच्या पुढील हकीकतीला हें नांव फार शोभतें!

त्या काळीं पेट्रोलची गाडी सुरू करणें म्हणजे एक लहानसें युद्धच असे. पुढें उभें राहून लोखंडी हँडल जोरानें फिरवावें लागे, आणि इंजिनानें उलटा झटका दिला तर मनगट मोडे. शिवाय दुर्गंध, खडखडाट आणि गिअर बदलण्याची कटकट होतीच. विजेच्या गाडींत बसावें, दांडा पुढें सारावा, कीं गाडी निमूटपणें चालूं लागे. शहरांतले डॉक्टर आणि श्रीमंत घरांतील स्त्रिया हिलाच पसंत करीत. पेट्रोलच्या मोटारींनीं जग भरून टाकणाऱ्या हेन्री फोर्डची पत्नी क्लारा हीसुद्धां १९१४ सालची 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' गाडी वापरीत असे.

असें असतां ही गाडी मागें कां पडली? पेट्रोलची मोटार दूर जाते, वेगानें जाते, म्हणून ती जिंकली, हें नेहमींचें उत्तर. तें खोटें नाहीं, पण अपुरें आहे. विजेच्या मोटारींत खरी भानगड मोटारीची नव्हतीच. ती बॅटरीची होती. तेव्हांची बॅटरी म्हणजे शिशाच्या पत्र्यांनीं आणि गंधकाम्लानें भरलेली जड पेटी. रस्त्यावरच्या धक्क्यांनीं पत्र्यांवरचा लेप गळून पडे. आंतलें पाणी कमी झालें कीं शुद्ध पाणी घालावें लागे. बॅटरी रिकामी करून तशीच ठेवली तर पत्र्यांवर पांढरट थर चढे व तिची शक्ति कायमची घटे. गाडीचा सांगाडा वर्षानुवर्षें टिके. बॅटरी मात्र थोड्याच वर्षांत बदलावी लागे, आणि ती किती वर्षांत हें तिची निगा कोण कशी राखतो यावर अवलंबून असे. घोडा विकत घ्यावा आणि त्याचें पोट दर दोनचार वर्षांनीं नवें बसवावें लागावें, तसा हा प्रकार होता.

भरण्याची अडचण वेगळीच. कित्येक घरांत वीजच नव्हती, आणि जेथें होती तेथें ती बहुधा उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाची. बॅटरीला तर एकाच दिशेनें वाहणारा प्रवाह हवा. त्यासाठीं पाऱ्याच्या वाफेचें प्रवाहशोधक यंत्र घरीं बसवावें लागे. म्हणून शहरांतील पुष्कळ मालक आपली गाडी सार्वजनिक गॅरेजांत ठेवीत. तेथील नोकर रात्रीं ती भरून, पुसून ठेवीत. आज इमारतींतील सहकारी संस्थेच्या सभेंत पार्किंगच्या जागेपर्यंत तार कोणाच्या मीटरवरून ओढावयाची यावर जो वाद रंगतो, त्याचे हे पूर्वज होत.

बॅटरीचा भार गिऱ्हाइकावर पडूं नये यासाठीं पहिला मोठा प्रयत्न न्यूयॉर्कमध्यें झाला. फिलाडेल्फियाचे हेन्री मॉरिस व पेड्रो सॅलम यांनीं बनविलेल्या विजेच्या भाडोत्री गाड्या १८९७ सालीं तेथील रस्त्यांवर आल्या. पुढें त्यांचा धंदा 'इलेक्ट्रिक व्हेइकल कंपनी'च्या हातीं गेला आणि ब्रॉडवेवर एक मोठें ठाणें उभें राहिलें. गाडी आंत येई. यंत्राच्या साहाय्यानें तिची अर्ध्या टनाच्या आसपास वजनाची रिकामी बॅटरी ओढून काढीत, भरलेली आंत सरकवीत, आणि गाडी थोड्याच मिनिटांत पुन्हां गिऱ्हाइकाच्या शोधांत बाहेर पडे. डांकेचा घोडा बदलावा तशी ही बॅटरी बदलली जाई. येथें गाडी कंपनीची आणि बॅटरीही कंपनीची. बसणारानें भाडें द्यावें आणि उतरून जावें. युक्ति उत्तम होती, पण धनिकांनीं ती भलत्याच थराला नेली. विल्यम व्हिटनीसारखे भांडवलवाले आंत आले, हजारों गाड्यांच्या गोष्टी होऊं लागल्या, शेअरांचा बाजार तापला. १८९९ सालीं कंपनीच्या कर्जव्यवहाराविषयीं वृत्तपत्रांतून गवगवा झाला आणि शेअर कोसळले. १९०७ सालीं कंपनीचें दिवाळें निघालें. मधल्या काळांत तिनें काय करावें? पेट्रोलच्या मोटारीवरील सेल्डनचें पेटंट तिनें विकत घेतलें होतें. त्याच्या जोरावर ती पेट्रोलवाल्यांकडून पैसे उकळूं लागली. विजेच्या गाडीच्या नांवानें निघालेली कंपनी पेट्रोलच्या गाड्यांच्या पट्टीवर जगावी, याहून मोठी थट्टा ती कोणती?

त्या कंपनीच्या गाड्यांचा एक कारखाना कनेक्टिकट संस्थानांतील हार्टफर्ड या शहरांत होता. सायकलींमुळें धनाढ्य झालेल्या आल्बर्ट पोप यांनीं तो काढला होता. पेटत्या स्फोटावर बसावयास माणसें तयार होणार नाहींत, असें मानून त्यांनीं पेट्रोलऐवजीं विजेवर भर दिला. २२ ऑगस्ट १९०२ रोजीं अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट याच शहरांतून कोलंबिया विजेच्या गाडींत बसून हिंडले. परंतु हार्टफर्डची खरी थोरवी निराळ्याच ठिकाणीं आहे.

न्यूयॉर्कच्या कंपनीचा धुरळा बसल्यावर, १९१० च्या सुमारास, हार्टफर्डच्या वीज कंपनीनें एक व्यवस्था सुरू केली. व्यापाऱ्यानें विजेची मालमोटार घ्यावी, पण बॅटरीवांचून. बॅटरी वीज कंपनीची. ती रिकामी झाली कीं कंपनी भरलेली बसवून देई. व्यापाऱ्यानें महिन्याला ठराविक रक्कम द्यावी, आणि शिवाय गाडी जितके मैल चालली असेल तितक्यांचा दर द्यावा. अदलाबदल झटपट व्हावी म्हणून गाडी व बॅटरी या दोहोंच्याही रचनेंत फेरफार केलेले होते. ही सेवा १९२४ पर्यंत चालली आणि तेवढ्या काळांत तिच्यावरील गाड्या साठ लाख मैलांहून अधिक चालल्या. १९१७ पासून शिकागोंत मिलबर्न मोटारींच्या मालकांसाठींही अशीच सोय निघाली.

या व्यवस्थेचें मर्म असें, कीं बॅटरी ज्याला समजते त्याच्याच गळ्यांत तिचा धोका बांधला गेला. दुकानदाराला घोड्याची नाडी कळे, अम्लाची नाहीं. वीज कंपनीच्या माणसांचा तर तो रोजचा धंदा. बॅटरी लौकर मेली तर नुकसान कंपनीचें, म्हणून ती तिला जपे. कंपनीचा स्वार्थही त्यांत होता. दिवे मालवल्यावर वीजघरांतील यंत्रें रात्रभर रिकामीं राहात. त्या वेळीं बॅटऱ्या भरल्या कीं त्यांना काम मिळे. आजही रात्रीं गाडी भरणाऱ्यास कमी दर लावण्याची जी योजना ठिकठिकाणीं दिसते, तिच्यामागें हाच हिशेब आहे.

मग ही पद्धति सर्वत्र कां पसरली नाहीं? एक तर ती एका विशिष्ट कारखान्याच्या गाड्यांपुरती होती. निरनिराळ्या कारखान्यांच्या बॅटऱ्यांचें माप एक नव्हतें. दुसरें, शहराच्या वेशीबाहेर तिचा उपयोग नव्हता. पेट्रोलचा डबा मात्र खेड्यांतील वाण्याकडेही मिळूं लागला होता. १९१२ च्या कॅडिलॅकमध्यें चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला आणि हँडल फिरविण्याचें संकट गेलें, म्हणजे पेट्रोलच्या गाडीला विजेनेंच हात दिला! फोर्डची 'टी' गाडी १९०८ सालीं ८५० डॉलरला होती, ती १९२५ सालीं २६० डॉलरवर आली. एडिसननें लोखंड व निकेल यांची पुष्कळ टिकणारी बॅटरी अखेर तयार केली. पण डेट्रॉइट इलेक्ट्रिकच्या गाडींत ती हवी असेल तर ६०० डॉलर अधिक मोजावे लागत, आणि जवळजवळ तेवढ्याच पैशांत फोर्डची आख्खी गाडी येई. वीज स्वतः हरली नव्हती. मुंबईंत ७ मे १९०७ रोजीं सुरू झालेली विजेची ट्राम ३१ मार्च १९६४ पर्यंत धांवली. तिला वीज तारेंतून मिळे, पेटींत भरून न्यावी लागत नसे.

आजची लिथियमची बॅटरी त्या शिशाच्या पेटीहून फार वेगळी आहे. २०१० पासून तिची किंमत शेंकडा नव्वदच्या आसपास उतरली. २०२४ सालीं जगांत १ कोटी ७० लाखांहून अधिक विजेच्या मोटारी विकल्या गेल्या. नव्या दर पांच मोटारींत एकीहून अधिक. आठ वर्षें किंवा १,६०,००० किलोमीटर अशी बॅटरीची हमी पुष्कळ कारखानदार देतात. तरीही तिच्या किमतीचा वांटा मोठाच असल्यामुळें हार्टफर्डची युक्ति पुन्हां पुन्हां डोकें वर काढते. इस्राएल व डेन्मार्क येथें 'बेटर प्लेस' कंपनीनें बॅटरी बदलण्याचीं ठाणीं उभारलीं, आणि मे २०१३ मध्यें तिचें दिवाळें निघालें. रेनोची 'झोए' गाडी २०१२ पासून भाड्याच्या बॅटरीसह विकली गेली. पण मालकाला ती जुनी म्हणून विकतां येण्यास अडचण पडूं लागली, कारण घेणाराला गाडीबरोबर भाडेपट्टाही पत्करावा लागे. चीनमध्यें निओ कंपनीनें २०२० सालीं बॅटरीवांचून गाडी विकण्यास आरंभ केला. आपल्याकडे सप्टेंबर २०२४ मध्यें एमजीची 'विंडसर' गाडी बॅटरीवांचून ९ लाख ९९ हजार रुपयांस आणि बॅटरीसाठीं दर किलोमीटरला साडेतीन रुपये, अशा बोलीनें बाजारांत आली. हार्टफर्डच्या दुकानदारानें ही जाहिरात पाहिली असती, तर त्याला ती ओळखीची वाटली असती.

एक भेद मात्र त्याच्या लगेच लक्षांत आला असता. त्याची बॅटरी ज्या कंपनीची होती, तीच ती भरी, तीच दुरुस्त करी, आणि तिची कचेरी त्याच गांवांत होती. आजच्या अशा बोलींत बॅटरीमागचा पैसा पुष्कळदां कर्ज देणाऱ्या संस्थेचा असतो. तिला हप्त्यांचा हिशेब कळतो; बॅटरीचा कळतोच असें नाहीं. गाडी महिनाभर दारांत उभी राहिली तरी ठराविक किलोमीटरांचे पैसे द्यावयाचे काय, गाडी विकतांना करार कोणाच्या नांवें जाणार, आणि बॅटरीची शक्ति किती उतरली म्हणजे ती नवी मिळणार, हीं कलमें जाहिरातींत नसतात. तीं करारपत्राच्या शेवटच्या पानावर असतात. आणि घरांतल्या त्या वादांत वडील चष्मा लावून नेमकें तेंच पान मागतात.