लाडबोरीचे कडे

शके १९४४ चा वर्षारंभ, म्हणजे २ एप्रिल २०२२ चा गुढीपाडवा, चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात इतर पाडव्यांसारखाच उगवला व मावळला. सूर्यास्ताबरोबर गुढ्या उतरल्या. प्रतिपदेची रात्र, चंद्राची कोर नखाएवढी, तिचा उजेड नसल्यातच जमा. लाडबोरी नावाच्या लहानशा गावी सामुदायिक जेवणाची तयारी चालली होती व बायका स्वयंपाकात गुंतल्या होत्या. पावणेआठच्या सुमारास आकाश एकाएकी तांबडे झाले, जळते चाक खाली येत असल्याचा भास झाला आणि गावातीलच एका मोकळ्या जागेत काहीतरी धाडकन आदळले. स्फोट होईल ह्या भीतीने लोक घरात शिरले व दारे लावून सुमारे अर्धा तास आतच बसून राहिले. पुढे धीर करून जे बाहेर आले त्यांना दिसले ते धातूचे एक भले मोठे कडे. व्यास सुमारे १० फूट, वजन ४० किलोंच्या घरात. त्याच तालुक्यातील पवनपार येथे धातूचा एक पोकळ गोळा सापडला, आणि पुढील दिवसांत आसपासच्या रानांतून तसेच आणखी गोळे हाती लागले.

हा सारा मुलूख झाडीपट्टीचा. वैनगंगेच्या अलीकडे सिंदेवाही, पलीकडे गडचिरोली. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हे दोन्ही तीर एकाच जिल्ह्यात मोडत. चैत्रात येथील माणसे मोहाची फुले वेचावयास पहाटेच्या अंधारातच रानात शिरतात. आकाशाशी त्यांचा परिचय शहरवासीयांहून अधिकच. तारा तुटणे ही त्यांना अपूर्वाईची गोष्ट नव्हे. पण तुटलेला तारा अंगणात येऊन पडावा, आणि त्यास माणसाच्या हातची घडण असावी, हे त्यांनीच काय, आपल्यापैकी कोणीही पाहिलेले नव्हते.

तोच देखावा त्या संध्याकाळी गुजराथेत, माळव्यात, निमाडात, खानदेशात व नागपुरातही लोकांनी पाहिला. कोणी उल्कापात म्हणाले, कोणी विमान जळाले म्हणाले, कोणी परग्रहावरील यानापर्यंत मजल नेली. ह्या तऱ्हेतऱ्हेच्या तर्कांस हसणे सोपे आहे. परंतु आकाशातून पडणाऱ्या वस्तूंचा इतिहास पाहिला तर हसण्याची पाळी खेडुतांपेक्षा विद्वानांवरच अधिक वेळा आलेली आहे.

आपल्याकडे वराहमिहिराने बृहत्संहितेत उल्कांसाठी स्वतंत्र अध्याय योजिला व त्यांचे धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत् आणि तारा असे पाच भेद केले. त्यांच्या फलांविषयी त्याने जे सांगितले ते आज कोणी प्रमाण मानणार नाही. पण आकाशातून पदार्थ खाली येतात ह्याबद्दल त्यास शंका नव्हती. युरोपातील पंडितांस मात्र ती होती. सन १७६८ मध्ये फ्रान्समधील ल्यूसे येथे लोकांच्या डोळ्यांदेखत एक दगड पडला. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने तो तपासविला. तपासणाऱ्यांत अर्वाचीन रसायनशास्त्राचा जनक लाव्हाझिए हाही होता. निष्कर्ष निघाला तो असा की, हा दगड जमिनीवरचाच. फार तर त्यावर वीज पडली असेल. ज्यांनी तो पडताना पाहिला ते शेतकरी होते, एवढाच त्यांच्या साक्षीतील दोष!

हा दोष धुऊन काढण्यात आपल्या देशातील एका खेड्याचा मोठा वाटा आहे, आणि ही हकीकत आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नाही. १९ डिसेंबर १७९८ रोजी रात्री आठच्या सुमारास काशीजवळील क्राखुत गावच्या लोकांनी एक प्रचंड अग्निगोल पाहिला. मेघगर्जनेसारखा आवाज झाला आणि पाठोपाठ जड वस्तू जमिनीवर आदळल्याचे ऐकू आले. दुसऱ्या दिवशी शेतांत ठिकठिकाणी माती उकरलेली दिसली व खाली काळ्या सालीचे दगड निघाले. एक दगड तर एका राखणदाराच्या झोपडीचे छप्पर भेदून आतील चोपलेल्या जमिनीत रुतला. काशीस राहणाऱ्या जॉन लॉईड विल्यम्स ह्या इंग्रज गृहस्थाने गावकऱ्यांच्या जबान्या टिपून घेतल्या आणि त्या नमुन्यांसह विलायतेस धाडल्या. तेथे एडवर्ड हॉवर्ड ह्या रसायनज्ञाने काशीचे दगड इंग्लंड, इटली व बोहेमिया येथे पडलेल्या दगडांशेजारी ठेवून तपासले. देश निराळे, साल निराळे, पण घडण एकच. आणि सर्वांतील लोखंडात निकेल हा धातू मिसळलेला. सन १८०२ मध्ये त्याने हा निष्कर्ष लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. पुढच्याच वर्षी, २६ एप्रिल १८०३ रोजी, फ्रान्समध्ये लेग्ल गावी सुमारे तीन हजार दगडांचा वर्षाव झाला. बिओ ह्या पदार्थवैज्ञानिकाने गावोगाव हिंडून साक्षी जमविल्या, आणि तेव्हापासून उल्कापाषाणांचे स्वर्गीयत्व वादातीत झाले.

राखणदाराचे छप्पर व लाडबोरीची मोकळी जागा ह्यांमध्ये सव्वादोनशे वर्षांचे अंतर आहे, तरी गोष्ट एकाच जातीची आहे. साक्ष आणि वस्तू ह्यांची जेथे गाठ पडते तेथे अज्ञात ज्ञात होते. नुसत्या साक्षीवर पंडित विसंबत नाहीत, आणि साक्षीवाचून वस्तू मुकी राहते. अमेरिकेत २४ जून १९४७ रोजी केनेथ आर्नल्ड नामक वैमानिकाने चकाकणारे नऊ पदार्थ वेगाने जाताना पाहिले व वृत्तपत्रांनी त्यांचे ‘उडत्या तबकड्या’ असे नामकरण केले. तेव्हापासून त्या तबकड्यांवर ग्रंथांच्या राशी रचल्या गेल्या. तथापि आर्नल्डच्या हाती काही लागले नव्हते. लाडबोरीकरांच्या हाती कडे होते.

आता ह्या कड्याची ओळख कशी पटली ते पाहू. पहिली गोष्ट वेगाची. खरी उल्का वातावरणात शिरते ती सेकंदास निदान ११ किलोमीटर, कधी कधी ७० किलोमीटरपर्यंत वेगाने. म्हणून ती बहुधा चार-दोन सेकंदांत विझते. परंतु त्या रात्रीचे दृश्य लोकांना मोबाईलवर टिपता आले, इतके ते सावकाश सरकत होते, आणि एका रेषेत अनेक ठिणग्या मागे-पुढे चालल्या होत्या. पृथ्वीभोवती फिरणारी मानवनिर्मित वस्तू सेकंदास सुमारे पावणेआठ किलोमीटर वेगाने, जवळजवळ आडवी, वातावरणात शिरते व वाटेत तुटत जाते. तिची लक्षणे नेमकी हीच.

मग ही वस्तू कोणाची? त्याच दिवशी न्यूझीलंडमधून ‘इलेक्ट्रॉन’ नावाचा अग्निबाण उडाला होता. दोन-अडीच तासांच्या आतील ही गोष्ट. तेव्हा हे अवशेष त्याचेच असावेत असा तर्क जाणकारांतही प्रथम झाला. तर्क आकर्षक होता, पण कड्याने तो टिकू दिला नाही. इलेक्ट्रॉनचा देह अवघ्या १.२ मीटर व्यासाचा. त्याच्या अंगावर तीन मीटरचे कडे बसणार कोठे? एका मोजपट्टीने हा प्रश्न निकालात निघतो. उलट, चीनच्या चांग चंग ३-बी, म्हणजे इंग्रजीत ‘लाँग मार्च’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अग्निबाणाचा तिसरा टप्पा बरोबर तीन मीटर व्यासाचा आहे. अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल ह्यांनी, असा एक टप्पा त्याच वेळी ह्या मार्गाने कोसळणे अपेक्षित होते, हे लगोलग निदर्शनास आणून दिले. हा अग्निबाण फेब्रुवारी २०२१ मध्ये शीचांग येथून एक दळणवळण-उपग्रह घेऊन उडाला होता. पुढे इस्रोचे शास्त्रज्ञ सिंदेवाहीस आले व पोलिस ठाण्यात ठेवलेले अवशेष त्यांनी तपासले.

फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेली वस्तू एप्रिल २०२२ मध्ये का पडावी, हा प्रश्न श्रोत्यांच्या मनात आलाच असेल. उंच कक्षेतील उपग्रहास मार्गी लावणारा हा टप्पा स्वतः एका लांबोड्या कक्षेत उरतो. त्या कक्षेचे एक टोक पृथ्वीपासून हजारो किलोमीटर दूर, तर दुसरे दोन-एकशे किलोमीटरवर, वातावरणाच्या विरळ कडेस लागून. प्रत्येक फेरीत ह्या जवळच्या टोकास हवा त्यास किंचित घासते. वेग किंचित घटतो व दूरचे टोक थोडे आत ओढले जाते. अशा शेकडो फेऱ्यांनंतर लांबोडी कक्षा वाटोळी होत जाते आणि मग अखेर फार झपाट्याने येते. शेवटचा दिवस गणिताने सांगता येतो, पण जागा सांगता येत नाही. कारण वरची हवा सूर्याच्या लहरीप्रमाणे फुगते व आकसते. मिनिटाची चूक म्हणजे सुमारे साडेचारशे किलोमीटरची चूक. बडोद्यापासून सिंदेवाही सातशे किलोमीटर, म्हणजे ह्या टप्प्याच्या हिशेबाने दीड मिनिटाची वाट. तेवढा फरक पडता तर कडे गावच्या मोकळ्या जागेऐवजी दाट वस्तीच्या शहरावर उतरते.

रिकाम्या टप्प्याचे वजन अडीच-तीन टन. त्यातील बराचसा भाग जळून जातो. दहापासून चाळीस टक्क्यांपर्यंत शिल्लक राहतो असा सर्वसाधारण अंदाज आहे. गोळे वाचतात ते आपल्या घडणीमुळे. इंधनाच्या टाक्यांवर दाब राखण्यासाठी लागणारा वायू त्यांत कोंडलेला असतो. म्हणून ते उष्णता सोसणाऱ्या धातूचे व वरून कणखर धाग्यांचे वेष्टण दिलेले असतात, आणि आकाराच्या मानाने हलके असल्याने लवकर मंदावतात. १२ मे २०२२ रोजी गुजराथेत आणंद जिल्ह्यातील गावांतही असेच गोळे पडले.

असे पूर्वीही घडले आहे. ५ सप्टेंबर १९६२ रोजी अमेरिकेतील मॅनिटोवॉक शहरी भर रस्त्यात रशियाच्या चौथ्या स्पुटनिकचा सुमारे नऊ किलोंचा तुकडा रुतला. तो पुढे रशियास परत देण्यात आला. जुलै १९७९ मध्ये स्कायलॅब कोसळणार म्हणून आपल्याकडे केवढी घबराट उडाली होती ते वडीलधाऱ्या श्रोत्यांस आठवत असेल. ते ७७ टनांचे धूड अखेर पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात विखुरले, आणि तेथील एस्परन्स गावच्या स्थानिक मंडळाने रस्त्यात कचरा टाकल्याबद्दल अमेरिकेच्या अंतराळ संस्थेस चारशे डॉलर दंड ठोठावला! ह्या दंडात विनोद आहे, पण मला तो अगदीच गैरवाजवी वाटत नाही.

कॅनडातील प्रकरण मात्र विनोदाचे नव्हते. २४ जानेवारी १९७८ रोजी रशियाचा कॉसमॉस ९५४ हा उपग्रह तेथील हिमप्रदेशात कोसळला. त्यात अणुभट्टी होती. किरणोत्सारी तुकडे शोधण्यात महिने गेले. कॅनडाने साठ लाख डॉलरांची मागणी केली व १९८१ मध्ये तीस लाखांवर तडजोड झाली. ह्या मागणीस आधार होता तो १९७२ च्या आंतरराष्ट्रीय कराराचा. अंतराळातून पडलेल्या वस्तूने भूमीवर नुकसान केल्यास, चूक कोणाची हे सिद्ध करावे न लागता, सोडणारे राष्ट्र भरपाईस बांधील राहते. भारत व चीन दोघेही ह्या कराराचे सभासद आहेत. पण ह्यातील मेख अशी की, दावा राष्ट्राने राष्ट्राकडे करावयाचा. मोहाची फुले वेचून चार पैसे मिळविणाऱ्याचे घर उद्या अशा कड्याखाली सापडले तर त्याने बीजिंगकडे नव्हे, तहसील कचेरीकडे पाहावयाचे. आणि तेथून तो कागद सरकत सरकत दिल्लीस पोहोचावयाचा.

शिवाय हे अटळ होते असेही नाही. कामगिरी संपल्यावर थोडे इंधन राखून ठेवले तर असा टप्पा हुकमी रीतीने निर्मनुष्य महासागरात उतरविता येतो. त्यास खर्च येतो व तितका भार कमी न्यावा लागतो. म्हणून अनेक राष्ट्रांनी वर्षानुवर्षे हे काम हवेच्या घर्षणावर व दैवावर सोपविले. हा हिशेब ज्यांनी केला त्यांच्या नकाशावर लाडबोरी हे नाव असण्याचे कारणच नव्हते.

त्या रात्री कोणास इजा झाली नाही, तेव्हा भरपाईचा प्रश्न उद्भवला नाही. राहता राहिला मालकीचा. १९६७ च्या अंतराळ करारान्वये अशी वस्तू कोठेही पडली तरी तिची मालकी बदलत नाही, आणि १९६८ च्या करारान्वये सोडणाऱ्या राष्ट्राने मागितल्यास ती परत करावी लागते. पाडव्याच्या जेवणावर येऊन आदळलेले ते दहा फुटी कडे कायद्याच्या दृष्टीने लाडबोरीचे कधीच नव्हते. ते चीनचेच होते.