आधी तार की आधी पवनचक्की?

टेक्सास म्हटलं की तेलाच्या विहिरी डोळ्यांसमोर येतात. मला मात्र त्या राज्याचं कौतुक वाटतं ते विजेच्या तारांसाठी!

१९९९ साली तिथे कायदा झाला: दहा वर्षांत २,००० मेगावॉट नवी अपारंपरिक वीज उभी करायची. पश्चिमेला वारा भरपूर, जमीन मोकळी. मॅककेमी या तेलाच्या गावाभोवती बघता बघता पवनचक्क्यांचं रान उगवलं. पण वीज लागते पूर्वेला, डॅलस, ह्यूस्टनकडे, आणि मधल्या तारांना एवढा भार पेलेना. मग काय, वारा वाहत असताना चक्क्या थांबवायच्या!

गोम अशी की पवनचक्क्या वर्षा-दोन वर्षांत उभ्या राहतात. उच्चदाबाच्या वाहिनीला जमीन, परवाने, सुनावण्या धरून पाच वर्षं सहज लागतात. वाहिनीवाले म्हणणार, आधी गिऱ्हाईक दाखवा. पवनचक्कीवाले म्हणणार, वाहिनी नसेल तर बँक कर्ज देत नाही. कोंबडी आधी की अंडं आधी...

२००५ साली टेक्सासने हा तिढा सोडवला. वाऱ्याचे पट्टे सरकारने ठरवायचे, तिथवर तारा आधीच न्यायच्या आणि खर्च सगळ्या ग्राहकांच्या बिलात वाटायचा. २००८ मध्ये सुमारे १८,५०० मेगावॉटची योजना ठरली. २०१४ च्या सुरुवातीपर्यंत सुमारे ५,८०० किलोमीटर वाहिन्या झाल्या. खर्च जवळपास ७०० कोटी डॉलर, म्हणजे अंदाजापेक्षा बराच जास्त. पण २००९ मध्ये वाऱ्याची १७ टक्के वीज वाया जात होती, ती २०१४ मध्ये अर्ध्या टक्क्यावर आली. (पुढे चक्क्या आणखी वाढल्या आणि याही तारांवर गर्दी झाली, ते वेगळं.)

यावरून मला आपली खोपोली आठवते. १९१५ साली टाटांनी तिथली पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना दिली. धरणं, वीजघर आणि तार एकाच योजनेतली, गिऱ्हाईकही समोर. आधी कोण, हा प्रश्नच नव्हता. पण टाटांच्याच पुढच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मुळशीचे शेतकरी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहाला बसले. जमीन जाणाऱ्याला कोणी विचारलंच नव्हतं. त्यामुळे सुनावण्यांना वेळ लागतो म्हणून चिडावं, असं मला वाटत नाही.

चिडावं ते उशिरा सुरू करण्यावर. आपल्याकडे महाराष्ट्रासह आठ राज्यांतल्या हरित ऊर्जा वाहिन्यांना २०१५ मध्ये मंजुरी मिळाली. २०२० पर्यंत व्हायचं काम पुढे ढकलावं लागलं. सौर प्रकल्प काही तेवढं थांबत नाहीत. मग पॅनेल तयार आणि तार नाही, ही मॅककेमीची गोष्ट पुन्हा सुरू.

गिऱ्हाईक यायच्या आधी तारेचे पैसे कोणीतरी भरायलाच हवेत, आणि ते कोणीतरी म्हणजे शेवटी आपणच. असो. वीजबिलातला 'वहन आकार' बघून मी हल्ली पूर्वीइतकी कुरकुर करत नाही. :-)