न्हावा-शेव्याची पेटी आणि डेटाबेसचे कुलूप

उरण तालुक्यातील न्हावा-शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले आणि ‘कंटेनर’ हा शब्द इथल्या रोजच्या बोलण्यात रुळला. संगणकविश्वात तोच शब्द याच गोदीच्या वाटेने आला.

२६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या वाहतूक व्यावसायिकाचे ‘आयडियल एक्स’ जहाज ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघाले. पेटीत काय आहे याच्याशी क्रेनला कर्तव्य उरले नाही. २०१३ मध्ये ‘डॉकर’ने हेच तत्त्व सॉफ्टवेअरला लावले. डॉकर म्हणजे गोदी कामगार. चिन्हही पाठीवर पेट्या वाहणाऱ्या देवमाशाचे!

अडचण आली डेटाबेसची. पेटी मोडली की आतील नोंदीही जातात. म्हणून नोंदी पेटीबाहेर, ‘व्हॉल्यूम’मध्ये ठेवण्याची रीत पडली. एक व्हॉल्यूम अनेक पेट्यांना जोडता येतो, आणि धोका नेमका तिथेच आहे.

१९८६ मध्ये बर्कली विद्यापीठात सुरू झालेल्या प्रकल्पातून घडलेला ‘पोस्टग्रेस’ पाहा. सुरू होताना तो आपल्या नोंदींच्या फोल्डरमध्ये स्वतःचा प्रक्रिया-क्रमांक लिहून ठेवतो. दुसरा सर्व्हर तिथे आला, तर तो क्रमांक जिवंत आहे का हे तपासतो आणि असल्यास माघारी फिरतो. एका यंत्रावर प्रक्रियांची एकच यादी असते, हे त्यात गृहीत होते. कंटेनरमध्ये मात्र प्रत्येकाची यादी वेगळी आणि मुख्य प्रक्रियेचा क्रमांक बहुधा १. दुसऱ्या पेटीतील सर्व्हरला कुलपावर १ दिसतो, तो स्वतःही १ असतो. तेव्हा ही आपलीच जुनी खूण समजून तो ती पुसतो आणि कामाला लागतो. एकाच चोपडीत दोन मुनीम परस्परांना न विचारता लिहू लागतात!

स्वयंचलित चाचण्यांत हा मोह फार होतो. नमुना नोंदी भरण्याचा वेळ वाचावा म्हणून एकच व्हॉल्यूम दोन पेट्यांना दिला जातो. चाचणी कधी उत्तीर्ण, कधी नापास होते, आणि दोष निरपराध कोडवर येतो. त्याहून वाईट म्हणजे नोंदी बिघडूनही चाचणी उत्तीर्ण होते.

उपाय जुनेच आहेत. नोंदी एकदा भरून सर्व्हर नीट बंद करावा आणि प्रत्येक चाचणीला त्या व्हॉल्यूमची स्वतंत्र प्रत द्यावी. काम संपताच ती टाकून द्यावी. सामायिक ठेवायचीच असेल, तर नोंदी भरणारी मूळ फाइल, तीही ‘केवळ वाचन’ स्वरूपात. किंवा सर्व्हर एकच ठेवून ‘टेम्प्लेट’वरून प्रत्येक चाचणीसाठी नवा डेटाबेस काढावा, मात्र त्या वेळी मूळ टेम्प्लेटला दुसरे कुणी जोडलेले नसावे, अन्यथा पोस्टग्रेस प्रत काढूच देत नाही.